उजवीकडची कड

"मावशी, तुम्ही त्या कडेच्या खुर्चीवर बसा."

फोटोग्राफर माझ्या आईला म्हणाला. तिच्या एकुलत्या एका मुलाचं, माझ्या भावाचं लग्न होतं. आई नवरदेवाशेजारच्या खुर्चीवर नुकतीच टेकली होती. नवी साडी चुरगळू नये म्हणून पुढे सरकून, अवघडून. ती उठली. उजवीकडच्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसली. वर त्यालाच विचारलं, "हितं दिसते ना मी?"

"दिसताय, दिसताय."

तिच्या जागेवर नवरीचे काका बसले. दोन मिनिटांपूर्वी त्यांनीच फोटोग्राफरच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. त्याआधी आईकडे निरखून पाहत मला विचारलं होतं, "या आमच्या पेठेत झाडायला यायच्या ना? चेहरा ओळखीचा वाटतोय."

मी हो म्हणाले.

"वा! म्हणजे आपला जुनाच परिचय निघाला की."

आमची जात त्यांनी कधीच विचारली नाही. आडनाव विचारलं, तेवढ्यात भागलं. पुण्यात अपमानसुद्धा शुद्ध भाषेत करतात. अहो-जाहो करून.

कड म्हणजे काय, हे मला माहीत होतं. मी लग्नाचे अल्बम बनवणाऱ्या दुकानात नऊ वर्षं कॉम्प्युटरवर बसत होते. ज्याला नंतर काढून टाकायचं, त्याला फोटोग्राफर कडेला बसवतात. कड कापायला एक क्लिक पुरतं. मधल्या माणसाला काढायला दोन तास लागतात. मागचा पडदा भरा, फुलं भरा, शेजारच्याचा झाकलेला खांदा नव्याने तयार करा. घटस्फोट झालेले जावई, भांडलेले दीर, कुणाच्या डोळ्यांत खुपणाऱ्या विधवा काकू. सगळ्यांना मी काढलंय. ही कुणाची आई आहे, असं एकदाही विचारलं नाही.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. तेवढ्यात भाऊ म्हणाला, "ताई, तू मध्ये ये ना, आमच्या मागे." आणि मी गेले. आईला कडेला सोडून गेले. मध्ये उभं राहायला मला आवडलं. याची मला आजही शरम वाटते.

त्या फोटोची वाट आई किती वर्षं बघत होती, ते मलाच माहीत. वडील गेले तेव्हा घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो मी मोठा केला. चेहरा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, कळत नाही. कात्रजच्या आमच्या खोलीत त्या फोटोला हात जोडताना आई म्हणायची, "पोराच्या लग्नात समद्यांचा एक फोटू काढायचा. नीट बसून."

महिनाभराने ते फोटो आमच्याच दुकानात आले. त्या फोटोग्राफरचं सगळं काम आमच्याकडेच यायचं. फाइल न उघडताच मालक म्हणाले, "हा फॅमिली फोटो घे. दोन मोठ्या फ्रेम करायच्यात. एक मुलीच्या माहेरी, एक मुलाच्या खराडीच्या फ्लॅटवर. उजवीकडच्या बाई काढायच्यात."

मी फोटो उघडला. सगळे हसत होते. आई एकटी हसत नव्हती. हलू नका म्हटल्यामुळे गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास रोखून बसली होती.

"ही माझी आई आहे," मी म्हणाले.

मालकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. माझ्या भावाचा मेसेज होता. 'काका म्हणतात तसं करा. उजवीकडची कड काढली तरी चालेल.'

चालेल. ज्याच्या कॉलेजसाठी आईने सुट्टीच्या दिवशीही दुसऱ्या बाईच्या वाटणीचा रस्ता झाडला, त्याला चालेल.

मी त्याला फोन लावला. म्हणाला, "ताई, समजून घे गं. तिथे येणारे-जाणारे विचारतात. आईला वेगळा देऊ ना, सोलो. मस्त फ्रेम करून."

बाथरूममध्ये जाऊन मी तोंडात ओढणी कोंबून रडले. आईला काय सांगू? खोटं सांगावं, तर ती सणावाराला खराडीला जाणार, भिंतीवर स्वतःला शोधणार. खरं सांगावं, तर तिच्याकडे काय उरणार? जीव नकोसा झाला होता.

बाहेर येऊन मालकांना म्हणाले, "मी हे करणार नाही."

"मग मी करतो. गिऱ्हाईक आहे गं."

एक क्लिक. आई गेली.

"आता मलाही काढायचं," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? तू मधोमध आहेस. दोन तास जातील. आणि भावाला मी काय सांगू?"

"सांगा, ताईने स्वतःला काढलं."

मी बसले. माझा चेहरा पुसला, तिथे पडदा भरला. वहिनीच्या खांद्यावरचा माझा हात पुसला, तिथे शालू भरला. नऊ वर्षांतलं सगळ्यात चोख काम केलं. मग खुर्चीवरून उठले ती पुन्हा त्या दुकानात गेले नाही.

न कापलेला फोटो मी दुसरीकडे छापून घेतला. वडिलांच्या फोटोशेजारी लावला. आईने काचेवरून हात फिरवला. "त्यांच्या घरी बी ह्योच लावलाय न्हवं?"

"नाही आई. तिथे तुला कापलंय. तुझ्या लेकाला विचारून कापलंय."

तिने काचेवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "अठरा वर्सं त्यांची गल्ली झाडली. दारात पान ऱ्हाऊ दिलं न्हाई. अन् आता मलाच उचलून टाकली व्हय?"

त्या दिवशी ती जेवली नाही. मीही नाही.

आठवड्याने भावाचा फोन आला. "ताई, फ्रेम आली. तू कुठे दिसत नाहीस?"

"आई दिसते?"

"तिला सोलो देतोय ना, ताई."

"आईला तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसव. त्यांच्या घरात, त्या काकांसमोर. मग मी मागे येऊन उभी राहीन. तोवर तुझ्या फोटोत तुझं म्हणून कुणी नाही. बघ रोज, आणि राहा तसाच."

मी फोन ठेवला. त्याचा फोन अजून उचललेला नाही.