आमचा कारखाना वाचला तेव्हा

कारखान्याच्या मागे भंगार साचतं, तसे किस्से साचतात. मुद्दाम कुणी आणून टाकत नाही आणि उचलायलाही कुणी येत नाही. विलायतेत अर्थशास्त्र शिकून मी चिंचवडच्या एका कंदिलाच्या कारखान्यात असिस्टंट मॅनेजर झालो. देश घडवायला आलो होतो. किस्से तेवढे जमले.

*

पहिल्याच आठवड्यात शेठनी केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि तिकडे काय शिकलात ते विचारलं. मी तासभर बोललो. ज्याचा माल खपत नाही त्याला सरकारनं तगवू नये. त्याच्याकडचा पत्रा, त्याच्याकडची माणसं ज्याचा माल खपतो त्याच्याकडे जाऊ द्यावीत. नाहीतर चांगलं करणारा मरतो आणि वाईट करणारा पोसला जातो.

शेठनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी कप खाली ठेवून म्हणाले, "शंभर टक्के पटलं. फक्त हे दुसऱ्याच्या कारखान्याबद्दल बोलत जा!"

*

आमच्या कंदिलाची वात सरळ चढायची नाही आणि काच काळी व्हायची. गेटवरचे म्हातारे रखवालदार, रावेतचे धोंडीबा, आपल्या खोपटात विलायती कंदील टांगायचे. मी जरा रागानंच विचारलं, आपल्या कंपनीचा का नाही लावत?

"साहेब, मला राखण करायची हाय."

*

माल पडून राहू लागला. शेठ आणि युनियनचे सेक्रेटरी तावडे यांनी दोन वर्षं एकमेकांना नमस्कार केला नव्हता. ते दोघं एकाच मोटारीत बसून मुंबईला, सचिवालयात गेले. येताना कर्ज मंजूर करून आणलं, आणि सरकारी खात्यांनी आमचेच कंदील घ्यावेत असा हुकूमही. अट एकच, एकही माणूस कमी करायचा नाही.

गेटवर पेढे वाटले. मी घेतला नाही, ते तावड्यांनी पाहिलं. माणूस मालवणकडचा, मनाचा सरळ. जवळ येऊन म्हणाले, "साहेब, तुमच्या पुस्तकात बायका-पोरां असतत काय?"

असतात, तावडे. पण ती आपल्या गेटच्या बाहेरही असतात. हे उत्तर मला घरी पोचल्यावर सुचलं.

*

गुलाबभाई शेख आमचे सगळ्यात चांगले टर्नर, लेथवर कंदिलाचे बर्नर कातणारे. दिवसाला किती बर्नर करायचे हे युनियनच्या करारात ठरलेलं. गुलाबभाईंचे ते जेवणाच्या सुट्टीआधीच व्हायचे. मग हात पुसून संध्याकाळपर्यंत बसायचे. एकदा राहवलं नाही म्हणून दुपारीही लेथ चालवला, तर युनियनची नोटीस आली. तावडे समजूत घालायला आले. तू दोघांचं काम केलंस तर एक जण घरी जाईल, म्हणाले.

"भाऊ, बसून बसून माझा हात घरी चाललाय, त्याचं काय?"

गुलाबभाईंना पेटवलं ते मीच. नोकरी सोडा, स्वतःचं काढा, चांगल्या मालाला बाजार कधी नाही म्हणत नाही. गुलाबभाईंनी खंडेनवमीला आपल्या लेथला झेंडूचा हार घातला आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. दिघीला एक शेड, एक जुना लेथ. त्यांच्या कंदिलाची ज्योत अशी सरळ, की पहिला कंदील धोंडीबांनी घेतला आणि आपला विलायती कंदील पेटीत टाकला.

*

सुरुवातीला जमवलेला पत्रा संपला. नवा मात्र परमिटशिवाय मिळत नव्हता. मी गुलाबभाईंना घेऊन पुण्याच्या परमिट ऑफिसात गेलो. तिथले साहेब सज्जन होते. कंदिलासाठीचा सगळा पत्रा अडचणीतल्या कारखान्याला, म्हणजे आमच्याच कारखान्याला, दिलाय म्हणाले. मग गुलाबभाईंकडे वळून विचारलं, "तुमचा धंदा अडचणीत आहे का?"

"न्हाई साहेब. लोक दारात उभे राहून माल नेतात."

"मग तुम्हाला मदत कशाला हवी?"

परत आलो तेव्हा आमच्या आवारात तोच पत्रा पावसात गंजत पडला होता. पावसाळा संपायच्या आत दिघीची शेड बंद झाली. लेथ विकला गेला.

*

गुलाबभाईंना परत घ्या म्हणून शेठशी भांडले ते तावडे. मी नाही. मला तोंडच उरलं नव्हतं.

ते परत आले तो दिवस नेमका खंडेनवमीचा. वर्कशॉपमध्ये उदबत्त्या, फुलं, गुलाल. गुलाबभाई हातात ताजा हार घेऊन आपल्या जुन्या लेथपाशी गेले आणि थांबले. त्यांनी वर्षापूर्वी घातलेला हार तसाच होता, वाळून काळा पडलेला. एकाचा लेथ दुसऱ्याला द्यायचा नाही असं करारात होतं, आणि दुसरा माणूस घालायला काम तरी कुठं होतं?

"काढ तो आणि नवा घाल," तावडे म्हणाले.

"वर्षभर चालतं ते मशीन आज एक दिवस थांबवायचं, भाऊ. ह्याला काय थांबवू?"

हार तसाच हातात घेऊन ते वर्कशॉपमधून बाहेर पडले, गेटकडे चालू लागले. मला वाटलं, निघाले. मी मागोमाग गेलो. खोपटात धोंडीबा गुलाबभाईंच्याच त्या पहिल्या कंदिलाची काच पुसत होते. गुलाबभाईंनी त्यांच्या हातातून फडकं घेतलं, काच पुसून बसवली आणि हार कंदिलाला घातला.

"गुलाब, ह्यो बिघडला तर दुसरा कुठं मिळायचा रं?" धोंडीबांनी विचारलं.

गुलाबभाई हात पुसत हजेरीची सही करायला आत गेले.