दुसरा ब्रेक

गॅस बंद केला की ते नॉब एकदा परत फिरवून बघायचे. जिना उतरताना कठड्याला हात टेकवायचे नाहीत, पण हात कठड्याच्या दोन बोटं वर तरंगत खालपर्यंत यायचा. लिफ्टचं दार मिटायला लागलं की मधे हात घालायचे, कोणी येत नसलं तरी. दुसऱ्याच्या गाडीत बसले की ब्रेक असल्यासारखा पायाने गाडीचा तळ दाबत राहायचे. सिनेमात गाडी भरधाव वळली तरी दाबायचे आणि पुढच्या खुर्चीवरचा माणूस मागे वळून बघायचा. चहात बिस्किट बुडवायचे आणि ते अगदी मऊ पडायच्या आत उचलायचे. त्यांचं बिस्किट चहात पडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

आणि काहीही विचारा, पहिला शब्द एकच. थांबा.

कंपनीत त्यांचं नावच थांबासाहेब पडलं होतं. खरेदीचा प्रत्येक प्रस्ताव मंजुरीसाठी त्यांच्याकडे यायचा आणि तिथेच मुक्काम करायचा. "माझी फाईल थांब्यावर उभीय," लोक म्हणायचे, "बस काही येत नाही." हे त्यांच्या कानावर होतं. राग नव्हता. त्यांनी गोष्टी अडवल्यामुळे कंपनीचं बरंच नुकसान टळलं होतं. पण टळलेलं नुकसान कोणाला दिसत नाही.

मग नवी पद्धत आली. ठरलेल्या मुदतीत कोणी हरकत घेतली नाही तर प्रस्ताव आपोआप मंजूर. हरकत घेतली तर तो त्यांना वगळून थेट वर. थांबासाहेब काही दिवस कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसले. एका संध्याकाळी घरी आले, धुतलेली ताटं पुसायला घेतली आणि ताटाकडे बघतच म्हणाले, "मी राजीनामा दिला."

त्यांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते. वहिनी औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात. माणसाचा चेहरा बघून त्याला गोळी हवीय की नुसतं बोलायचंय, हे त्यांना कळतं. त्यांनी नळ बंद केला.

"न विचारता?"

"विचारलं असतं तर मीच थांबलो असतो."

"बरं. आता काय करणार?"

"गाडी शिकवणार."

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. हसू खोटं नव्हतं. लग्नानंतर थांबासाहेबांनी त्यांना गाडी शिकवायला घेतली होती. पहिल्याच वळणावर त्यांनी वहिनींच्या हाताखालून हात घालून हँडब्रेक ओढला. वहिनी उतरल्या, दार आपटलं आणि चालत घरी आल्या. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला बोट लावलं नाही.

"अहो, तुम्ही शिकवणार? तुम्ही तर उभ्या गाडीतसुद्धा ब्रेक मारता."

"माझ्या हातून आजवर गाडीला एक ओरखडा पडलेला नाही."

"तेच म्हणतेय मी."

पण अडवलं नाही त्यांनी. "दुकानाचा पगार आहे. वर्षभर रेटू. नाही जमलं तर बघू," एवढंच म्हणाल्या. थांबासाहेबांनी मनात त्याला मुदत धरलं.

त्यांनी जुनी पण दणकट गाडी घेतली. मेकॅनिककडून शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक बसवून घेतला. टपावर पाटी आली. सुरुवातीला माणसं बरी आली. पहिली होती एक नर्स, रात्रपाळीहून परतताना कोणावर अवलंबून राहायला नको म्हणून. थांबासाहेब उत्तम समजावून सांगायचे. क्लच म्हणजे काय हे तर असं सांगायचे की ऐकणाऱ्याला गाडीची दया यावी. पण गाडी जरा वेगात आली, पुढे कोणी दिसलं, की त्यांचा पाय खाली जायचा. गाडी गचकन उभी. "थांबा," ते म्हणायचे. गाडी थांबल्यावर.

महिन्याभरात नर्स यायची बंद झाली. औषधं घ्यायला दुकानात आली तेव्हा वहिनींनी विचारलंच.

"सर चांगले आहेत हो," नर्स म्हणाली. "पण मी चालवतेय असं वाटतच नाही. मी नुसती स्टिअरिंग धरून बसते. उद्या एकटी निघाले तर ब्रेक कोण मारणार?"

वहिनी घरी बोलल्या नाहीत. बोलला मेकॅनिक. गाडी कामाला टाकली होती तेव्हा त्याने थांबासाहेबांना खाली वाकून बघायला लावलं.

"साहेब, शिकतं कोण? ह्या पेडलचं रबर कोरं करकरीत. आणि हे तुमचं बघा. आरशासारखं झालंय."

त्या आठवड्यात आणखी दोघं गळले. थांबासाहेबांनी जुन्या ऑफिसातल्या एकाला फोन करून सहज विचारलं, तिकडे काय चाललंय. वहिनींनी ते ऐकलं. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "मला शिकवा."

"तुला?"

"मला जमलं तर कोणालाही जमेल. तुम्हालासुद्धा. पण बूट काढायचे आणि पाय वर घ्यायचे. मांडी घालून बसायचं. त्या ब्रेकला पाय लागला तर मी तिथेच उतरेन. मागे उतरले होते, रस्ता पाठ आहे."

"अगं, ते धोक्याचं आहे."

"तोंड आहे ना? तोंडाने सांगा. आणि आधी सांगा."

पहिला तास मोकळ्या मैदानात झाला. थांबासाहेब पट्टा लावून, मांडी घालून, प्रवचनाला बसल्यासारखे बसले. घाम वहिनींपेक्षा त्यांनाच जास्त आला. मैदानाचा कंटाळा आल्यावर रस्ता आला. त्या रस्त्यावर एकदा एक म्हातारा सायकलवाला लटपटत मधे आला. वहिनींना तो दिसला. थांबासाहेबांची मांडी सुटली आणि पाय खाली गेला. पेडलच्या वर, जिन्याच्या कठड्यावर हात तरंगायचा तसा, तो पाय तरंगत राहिला. गाडी थांबली. सायकलवाला बडबडत निघून गेला.

"मी काही केलं नाही हं," थांबासाहेब म्हणाले.

"दिसलं."

"तू मारलास."

"मग काय सायकलवाल्याने मारला?"

दोघंही हसत बसले. मागचे हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा वहिनींनी गाडी काढली.

त्यानंतर ते सगळ्यांना तसंच शिकवायला लागले. मांडी घालून नाही. तेवढी मुभा फक्त वहिनींना. पण बूट काढून, पाय मागे घेऊन. ब्रेक होता, गरज पडली तर होता. थांबा हा शब्दही राहिला, फक्त आता तो ब्रेकच्या आधी यायला लागला. वहिनींनी नर्सला निरोप धाडला. नर्स परत आली, पहिल्या झटक्यात परीक्षा पास झाली, आणि तिने आपल्या वॉर्डातल्या तिघी पाठवल्या. वर्ष संपलं. वहिनींनी मुदतीचा विषय काढला नाही. थांबासाहेबांनी काढला.

"वर्ष झालं," ते म्हणाले.

"कसलं?"

"काही नाही."

त्याच आठवड्यातली गोष्ट. दोघं भाजी घेऊन परतले. चालवत वहिनी होत्या. त्यांनी गाडी खाली पार्किंगमध्ये खांब आणि भिंत यांच्यामधे सरळ नाक घालून नेली आणि भिंतीपासून हातभर अंतरावर थांबवली. थांबासाहेबांनी न सांगता. आता उरला होता तो रिव्हर्स. तो वहिनींना शिकायचा होता, लगेच.

"उद्या," थांबासाहेब म्हणाले. "आता मान मोडून मागे बघायला उजेड नाही. उद्या सकाळी तू बाहेर काढ. थांब आता."

सकाळी वहिनी आत डबा भरत होत्या. थांबासाहेब खिडकीशी चहा घेत बसले होते. वहिनींनी विचारलेल्या कशाला तरी उत्तर आलं नाही, ‘थांब’सुद्धा नाही. वहिनी बाहेर आल्या. ते खुर्चीत नीट बसले होते. बिस्किट कपात पडलं होतं. वहिनींना कळलं.

माणसं आली, राहिली, गेली. गाडी तशीच होती. विद्यार्थ्यांचे फोन यायचे, मग तेही थांबले. एका सकाळी नर्स दारात उभी राहिली.

"वहिनी, गाडी मी बाहेर काढून देऊ? पडून राहिली तर बॅटरी जाईल."

वहिनींनी किल्ली घेतली आणि तिच्यासोबत खाली गेल्या. गाडीचं दार उघडलं. शेजारच्या सीटमागे थांबासाहेबांचे बूट होते, त्या संध्याकाळी तिथेच राहिलेले, नाडी सुटलेले. वहिनी स्टिअरिंगपाशी बसल्या.

"मी बसू शेजारी?" नर्सने विचारलं.

"बस. पाय वर घे."

समोर भिंत होती. वहिनींनी पट्टा लावला, आरसा स्वतःपुरता नीट केला, क्लच दाबला. गिअरच्या मुठीवर सगळे आकडे कोरलेले होते. त्यांच्या बोटांना ते पाठ होते. रिव्हर्स तेवढा शिकवायचा राहिला होता.