मायसाठी न आलेलं रडू

"हे गोळीमुळे झालंय, बाई. तुमच्या काळजाला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले आणि मला त्यांचा रागच आला. सख्खी माय गेली तेव्हा माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, आणि हे त्याचं खापर एवढ्याशा पांढऱ्या गोळीवर फोडतायत. सुटका इतकी सोपी असते का?

त्या दिवशी त्यांनी मला एक नवा शब्द सांगितला, इमोशनल ब्लंटिंग. म्हणजे भावना बोथट होणं. नैराश्यावरच्या काही गोळ्या दुःखाची धार कमी करतात, आणि काही जणांच्या बाबतीत दुःखाबरोबर बाकीचंही सगळं बोथट करून टाकतात. बोथट कात्रीने काय होतं ते मला कुणी समजवायला नको. वडशात माझं शिवणाचं दुकान आहे. वर्षभर बायकांचे ब्लाऊज आणि दिवाळीनंतर नाटक मंडळ्यांचे कपडे.

हे दुखणं सुरू झालं ते दुकानातच. समोर कापड, हातात कात्री, खडूने आखलेलं सगळं तयार, आणि दुपार निघून गेली तरी मी कापायला सुरुवात केलेली नसायची. पहाटेच जाग यायची. जेवण मातीसारखं लागायचं. पुढे पुढे मागच्या अंगणातल्या विहिरीकडे जायची भीती वाटायला लागली, तेव्हा यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कुणाला न सांगता मला चांद्याला नेलं. लोक चंद्रपूर म्हणतात, आम्ही चांदाच म्हणतो. डॉक्टरांनी थायरॉईड, रक्त सगळं तपासलं आणि डिप्रेशन असं निदान केलं. एस्सिटॅलोप्रॅम नावाची गोळी दिली. या गोळीने मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं, असं समजावलं.

त्या गोळीने मला वाचवलं, हे आधी सांगते. कात्री चालायला लागली. विहीर नुसती विहीर झाली. आजही कुणी त्या गोळीला नावं ठेवली तर मी भांडेन.

पण माहेरी मी सांगितलं होतं की मला बीपीची गोळी चालू आहे. दुकानातल्या बायकांना सांगायचे, चांद्याला लेस आणि अस्तर आणायला जाते. इतकं अस्तर आणत असते तर माझं गोदाम भरलं असतं. मायला मात्र काहीतरी कळलं होतं. मागच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा ती म्हणाली, "तू हासत नाईस काऊन वो आता?" मी म्हटलं, काम फार आहे. तिने पुढे विचारलं नाही.

ती गेली ऐन रोवणीत, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत. चामोर्शीजवळच्या माझ्या माहेरगावात सगळ्या बायका बांधीत, धानाच्या खाचरात, रोवत होत्या. बातमी कळली तशा चिखलाच्या पायांनीच आल्या. आमच्याकडे अशा वेळी आलेली बाई लेकीच्या गळ्यात पडते आणि दोघी मोठ्याने रडतात. रडता रडता गेलेल्या माणसाच्या आठवणी सांगतात. एकेक बाई येऊन माझ्या गळ्यात पडत होती, हुंदके देत होती, आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवत होते. जणू तिचीच माय गेली होती आणि मी समजूत घालायला आले होते.

मला काय दिसत होतं सांगू? मायच्या ब्लाऊजची बाही उसवली होती. तेवढंच. सुई मिळाली तर दोन टाके घालून देता येतील, असा विचार माझ्या डोक्यात फिरत होता. पाहुण्यांचा चहा झाला का, असंही मी विचारलं. माझा धाकटा भाऊ देवा असा रडत होता की दोघा जणांनी त्याला धरून ठेवलं होतं. माहेरी मला सगळे बाईच म्हणतात. त्याची बायको कुंदा आतल्या खोलीत कुणाला तरी म्हणाली, "बाईचं काळीज गोट्याचं हाय वो." मला ऐकू आलं. ऐकून वाईट वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. वाईट वाटायला हवं, एवढं मात्र स्पष्ट कळत होतं.

तेरवीनंतर देवाचे फोन बंद झाले. आधी तो दर आठवडी बाजाराला गेला की तिथून फोन करायचा. वांग्याचा भाव सांगायचा, माझी मस्करी करायची. मी ओळखलं, मायसाठी न रडलेल्या बहिणीशी त्याला बोलायचं नाही. आणि त्याचं काय चुकलं? मला भीती होती ती एकाच गोष्टीची. माय गेली, आता हा भाऊही गेला तर माहेर म्हणून माझ्याकडे काय उरणार?

दिवाळीनंतर डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, आणि ते वरचं वाक्य ऐकलं. नुसता डोस कमी करण्याचा प्रयोग आधी एकदा झाला होता. तेव्हा आजार परत डोकं वर काढायला लागला होता. म्हणून आता गोळीच बदलायची ठरली. नवीन गोळीचं नाव ब्युप्रोपिऑन. ती वेगळ्या रसायनांवर काम करते आणि तिने भावना सहसा बोथट होत नाहीत. देण्याआधी त्यांनी विचारलं, "कधी फिट आली होती का? डोक्याला मार?" ज्याला फिट येते त्याला ही गोळी धोक्याची असते. मी म्हटलं, मला नाही, लहानपणी माझ्या भावाला यायची. नवी गोळी रोज सकाळी घ्यायची आणि जुनी हळूहळू उतरवायची. आधी अर्धी, मग पाव, मग बंद. याला टेपरिंग म्हणतात. शिवणकामात बाही मनगटाकडे निमुळती करत नेतो, तसंच ते.

मी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि घरी येऊन जुन्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या संडासात टाकून वरून बादलीभर पाणी ओतलं. हिच्यामुळे मी मायसाठी रडले नाही ना, मग हिचं तोंड कशाला पाहू? मला फार बरं वाटलं. सूड घेतल्यासारखं.

पुढच्या दिवसांत त्याची फळं मिळाली. डोळे एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळवले की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका. शिलाई मशीन चालता चालता खालचा दोरा अडकून खट् करते तसं, डोक्याच्या आत. गरगरायचं. तोंडाला कोरड पडायची, कानात बारीक शिट्टी वाजायची, हात थरथरायचे. सुईत दोरा ओवणं हे माझं आयुष्यभराचं काम, आणि आता ते शेजारच्या म्हातारीकडून करून घ्यायची वेळ आली. झोप विरळ झाली. आणि राग! नाटकातली एक बाई ब्लाऊज घट्ट झाला म्हणून सांगायला आली, तर मी तिला म्हटलं की ब्लाऊज तोच आहे, तूच वाढलीस. खरं होतं ते, पण गिऱ्हाइकाला असं बोलतात का?

त्याच दिवसांत देवाचा फोन आला. इतक्या महिन्यांनी.

"बाई, काई नाई. सहजच लावला," तो म्हणाला आणि गप्प झाला. मी वाट पाहिली. नुसता श्वास ऐकू येत होता. माझं डोकं खट् खट् करत होतं, समोर घागऱ्याची किनार अर्धवट पडली होती, आणि मला वाटलं, हा आता मायचं काढणार. मी ओरडले, "बोलाचं असन तर बोल, नाई तं ठेव फोन! मले काम हायेत."

"बरं, ठेवतो," तो म्हणाला.

मीच आधी बंद केला. त्यानंतर त्याने फोन केला नाही.

मी परत चांद्याला गेले तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "रागाच्या भरात गोळी सोडली की त्रास गोळीला होत नाही, तुम्हाला होतो." त्या झटक्यांना ब्रेन झॅप्स म्हणतात, हे त्यांच्याकडून कळलं. गोळी अचानक तोडल्यावर मेंदू असा कुरकुरतो. त्यांनी जुनी गोळी अर्धी करून पुन्हा सुरू केली आणि मग सांगितल्याप्रमाणे मी ती हळूहळू उतरवली. झटके थांबले. कोरडं तोंड आणि कानातली शिट्टी बरेच दिवस राहिली, पण नवी गोळी सकाळी लवकर घ्यायला लागल्यावर झोप सुधारली. ज्यांची गोळी बदलायची आहे त्यांना हात जोडून सांगते, आपल्या मनाने एकदम बंद करू नका. आणि मरणाचे विचार आले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

नव्या गोळीने आधी हसू आणलं असतं तर बरं झालं असतं. आधी आली ती टोचणी. इस्त्री करताना हसण्याबद्दलचा मायचा प्रश्न आठवायचा आणि इस्त्री कापडावर तशीच राहायची. तिला खरं सांगितलं असतं तर ती माझ्या उशाशी येऊन बसली असती. तिचा तो हक्क मी काढून घेतला. शेजारच्या बाईच्या मुलाला नोकरी लागली तर मला खरोखर आनंद झाला, आणि लगेच वाटलं, परक्याच्या पोरासाठी वाटतं, मग आईसाठी कसं नाही? रडू मात्र अजूनही येत नव्हतं.

मोहफुलांच्या दिवसांत, उन्हाळा लागता लागता, मी ठरवलं, देवाकडे जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. त्याने हाकललं तरी चालेल. बसमध्ये मी बोलायची वाक्यं जुळवत होते. मनात एक लबाड आशाही होती की तिथे गेल्यावर रडू येईल, आणि ते पाहून तो माफ करेल.

गाव रिकामं होतं, सगळे मोहफुलं वेचायला गेलेले. देवा मात्र भरदिवसा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. दाढी वाढलेली. कुंदाने मला पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"बाई, बरं झालं आल्या तुमी. मायची तेरवी झाली तवापासून हे असेच हायेत. जेवत नाई, झोपत नाई. कोणासंगच बोलत नाई."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"त्यायनं लावला होता ना तुम्हाले फोन. मीच म्हनलं होतं, बाईले सांगा. मंग म्हणे, बाई कामात हाय."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. भाऊ माझ्यावर रुसला आहे असं मी इतके महिने धरून चालले होते. आणि तो त्याच खड्ड्यात पडला होता ज्यातून मी निघाले होते. भिंतीकडचं ते तोंड, ते नुसतं श्वास घेणं, हे माझ्याइतकं ओळखीचं कुणाला होतं? अख्ख्या घरात ते ओळखू शकणारी मी एकटी होते, आणि मी फोन आपटला होता.

खाटेजवळ बसून मी त्याला सगळं सांगितलं. बीपीची नाही, डोक्याची गोळी. चांदा. विहीर. मायच्या वेळी रडू का आलं नाही ते. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही, आणि डोळे कोरडेच राहिले. तो हळूच वळला.

"बाई, हाय का ती गोळी तुह्यापाशी? मले दे ना एक."

पट्टी माझ्या पर्समध्येच होती. त्याला काहीतरी द्यावं असं मला इतकं वाटत होतं की हात पर्सकडे गेलासुद्धा. गावात आपण अशाच देतो ना एकमेकांना, तापाची, गुडघ्याची. मग त्याच्या लहानपणच्या फिट आठवल्या आणि मी पर्सची चेन ओढून लावली. "ही माही गोळी हाय, देवा. तुले वेगळी लागन," मी म्हटलं. "उद्या माह्यासंग चांद्याले चाल."

तो दवाखान्याच्या नावाने कटकट करेल असं वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "चालन."

डॉक्टरांपुढे तो एवढंच बोलला, "झोप नाई येत." बाकीचं मी सांगितलं. पहाटेची जाग, मातीसारखं जेवण, सगळं. तो माझ्याकडे पाहत राहिला. डॉक्टरांनी फिटचं नीट विचारून घेतलं, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि त्याला सांगितलं की यातून बरं होता येतं, तुमची बहीणच समोर बसली आहे. त्या वाक्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन, जरी मला त्या क्षणी खुर्चीखाली लपावंसं वाटत होतं.

रक्त देऊन आम्ही बाहेर बाकावर बसलो. देवा बाटलीतलं पाणी प्यायला आणि त्याने बाटली माझ्याकडे दिली. मग खाली पाहत म्हणाला, "बाई, त्या दिवशी मी लय रडलो ना. तुह्या वाटचंबी रडलो असं समज."

आणि मला रडू आलं. हुंदके देऊन, नाक गळत, आवाज करून, माणसांनी भरलेल्या त्या दवाखान्यात. थांबेचना. लोक वळून पाहायला लागले. देवा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने घाबरून विचारलं, "काय झालं भाऊ?"

"आमची माय गेली," तो म्हणाला. "बाईले आत्ताच समजलं."