मँचेस्टरच्या बुद्धापुढची संत्री

लीड्सहून मँचेस्टरला जाणारी सकाळची गाडी सुटली, तेव्हा आई पांढऱ्या साडीवर माझा काळा कोट चढवून ताठ बसली होती आणि मी हॉस्पिटलमधून कसाबसा मिळालेला शनिवार वाया चालला म्हणून कुढत होते. बाबांना जाऊन त्या दिवशी वर्ष होत होतं. नागपुरात असतो तर विहारात पुण्यानुमोदन (गेलेल्या माणसाच्या नावाने वंदना आणि दान) झालं असतं. इथे आईची एकच अट होती, वंदना बुद्धासमोर बसूनच म्हणायची. माझ्या फ्लॅटमधली मूर्ती तिला चालेना.

"तिच्या गळ्यात तू चाव्या अडकवते," ती म्हणाली. ते खरंच होतं.

वॉर्डातल्या एका नर्सने चायनाटाउनमधलं बौद्ध देऊळ सुचवलं होतं. 'देऊळ' म्हटल्याबरोबर आईने नाक मुरडलं. त्याला कारण बाबा. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही प्रतिज्ञा त्यांनी दीक्षाभूमीवर घेतली होती आणि ती सगळ्या नातेवाइकांकडून पाळून घेतली होती. एखाद्या लग्नात नारळ फुटला की ते निषेध म्हणून उठून येत, मात्र पंगत आटोपल्यावर. अशा माणसाच्या वर्षाला काही वेडंवाकडं होऊ नये, याची आईला धास्ती होती.

मी नकाशा उलटा धरल्यामुळे आम्ही दोनदा रस्ता चुकलो. शेवटी चिनी कमान दिसली, आणि कमानीपलीकडे हॉटेलांच्या काचेत गळ्याने टांगलेली भाजकी बदकं.

"बुद्धाच्या गल्लीत हे?" आई थबकली.

"आपण सावजी मटण खातोच की."

"आपण खिडकीत नाही टांगत."

देऊळ म्हणजे एका बेकरीवरचा दुसरा मजला. खालून गरम बाओचा (वाफवलेल्या भरल्या पावाचा) वास येत होता आणि वरून उदबत्तीचा. दारात आईने सवयीने बूट काढले. तेवढ्यात फुगीर जाकीट घातलेली एक ठेंगणी चिनी आजी धावत आली.

"शूज ऑन, लव्ह! फ्लोअर इज फ्रीझिंग!"

"बुद्धासमोर बूट?" आई मला म्हणाली. "यांना सांग, मले थंडी चालते."

आजींचं नाव मिसेस लाऊ. नवऱ्याबरोबर आयुष्यभर टेकअवे (पार्सल जेवणाचं दुकान) चालवलं, आता दर शनिवारी इथलं सगळं बघतात. आतल्या समया विजेच्या होत्या, भिंतीत प्लग लावलेल्या. कौन्सिलच्या फायर सेफ्टीमुळे माणशी एकच उदबत्ती, अशी पाटी होती. सूटमधला एक गृहस्थ मोबाईल खांद्याशी दाबून भविष्याच्या काड्यांचा डबा खुळखुळवत होता. जी काडी बाहेर पडेल तिच्यावर भविष्य; नको ती पडली की पुन्हा. दाराशीच एक पोट सुटलेली हसरी मूर्ती होती.

"हे कोण व्हय?"

"हाही बुद्धच आहे, आई. पुढे येणारा."

"येऊ दे. पण यानं तपश्चर्या केलेली दिसत नाही."

मधला बुद्ध मात्र ओळखीचा निघाला, शांत आणि डोळे मिटलेला. आई त्याच्याकडे बघत राहिली. आम्ही कशासाठी आलो ते मी सांगितलं. मिसेस लाऊंनी लगेच पिवळ्या कागदाची पट्टी आणि पेन काढलं. एक भिंत अशाच पट्ट्यांनी भरली होती, प्रत्येकीवर एक गेलेला माणूस. खाली ताटांत संत्र्यांच्या राशी.

"नाव लिहू. समोर संत्री ठेवू. त्यांना जेवण पोचतं," त्या म्हणाल्या.

मी भाषांतर केलं आणि आईचा चेहरा उतरला. "हे तर पिंडदानच झालं! यांना नाही म्हण. तुझे बाबा फोटोतून उठून येतील. अन् तेही संत्र्यासाठी!"

नागपूरबाहेरच्या प्रत्येक संत्र्याला बाबा 'लिंबाचा भाऊ' म्हणत. आई निव्वळ विरोध म्हणून 'गोड आहे' म्हणे. हा वाद आमच्या घरी प्रत्येक हिवाळ्यात चाले, आणि दोघांपैकी कुणालाही तो संपवायचा नसे.

मिसेस लाऊ रागावल्या नाहीत. "संत्री नंतर आम्हीच खातो, लव्ह," त्या म्हणाल्या.

"मग मेलेल्याले काय भेटते?" आईने माझ्यामार्फत विचारलं.

"काय माहीत! माझ्या नवऱ्याला संत्री आवडतच नव्हती. मला आपली भांडायला एक जागा लागते."

हे मी आईला सांगितलं. पट्टी तिने परत केली, मोज्यांनिशी बुद्धासमोर बसली आणि वंदना सुरू केली. 'बुद्धं सरणं गच्छामि' ऐकताच काड्यांवाल्याने फोन बंद केला आणि मिसेस लाऊंनी हात जोडले. पंचशीलाच्या मध्यावर आई अडली, तेव्हा पुढचं मी म्हटलं. मला ते सगळं पाठ आहे, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. दान म्हणून आईने पेटीत नोट टाकली. निघताना मिसेस लाऊंनी तिच्या हातात एक संत्रं कोंबलं.

"ठेवायचं नाही. खायचं," त्यांनी बजावलं.

परतीच्या गाडीत आईने ते सोललं. साली रुमालात बांधल्या, एक फोड तोंडात टाकली आणि माझ्याकडे न बघता, खिडकीकडच्या रिकाम्या सीटकडे वळून स्वच्छ आवाजात म्हणाली, "गोड आहे, अवो. तुम्ही काहीही म्हणा. गोड आहे."

समोरच्या गोऱ्या बाईने पेपर वर केला. वर्षभर मी रडले नव्हते. वॉर्डातली माणसं, ड्युट्या, फोन, कशात तरी ते राहून गेलं होतं. आता डोळे भरून आले आणि ते लपवायला मी एक फोड तोंडात टाकली. इतकी आंबट की दात शिवशिवले.

"आई, आंबट आहे गं."

"गेली बापावर," ती म्हणाली, आणि वर्षात पहिल्यांदा खुशीत माझ्याशी भांडायला सरसावून बसली.