आत्ताच गेलं

वर्लीन टब्सने सोळा वर्षं एकच उद्योग केला. नको असलेली घरं मागायची आणि नकार घेऊन यायचा. त्याचे तिला पैसे मिळत, थट्टा नाही. अमेरिकेतल्या टोलीडो शहरात घरमालक माणसाचा रंग बघून घर नाकारतात का, हे तपासणारी एक छोटी संस्था होती आणि वर्लीन त्या संस्थेची खोटी भाडेकरू. सकाळी काळी वर्लीन जायची, दुपारी गोरी जोॲन कोवाच. दोघींनी पगार तोच सांगायचा, नोकरी तीच, प्रश्नही तेच. वर्लीनला ऐकू यायचं, "अरेरे, आत्ताच गेलं हो." दुपारपर्यंत तेच घर परत आलेलं असायचं. इथल्या घरांना पाय फुटलेत, असं जोॲन म्हणायची.

आणि नकार तरी किती गोड! दारातून हाकलायचे दिवस गेले. आता कॉफी विचारतात, कुठल्या चर्चला जाता म्हणून चौकशी करतात, तुमची टोपी किती छान म्हणतात, आणि मग तोंडाला पानं पुसतात. संध्याकाळी दोघी चिली डॉग खाताखाता त्या लोकांच्या नकला करत आणि पोट धरून हसत. तो नकार वर्लीनचा नसायचाच, कामाचा असायचा.

या कामाचा नियम एकच. घर मागायला गेल्यावर आपण कोण, हे कबूल करायचं नाही आणि नाकारायचंही नाही. कुणी विचारलंच तर नुसतं हसायचं.

"गप्प बसायचे पैसे देतात तुला?" तिचा नवरा क्लीटस म्हणाला होता. "मला आधी सांगायचंस, मीही दिले असते."

मेपल कोर्ट नावाच्या इमारतींच्या ऑफिसात बसणारी ट्रिशा म्हणजे या कलेतली उस्ताद. "आत्ताच गेलं" म्हणताना ती छातीवर हात ठेवायची, जणू तिचंच कुणी गेलंय. ते प्रकरण सुनावणीपर्यंत गेलं. वर्लीनने साक्ष दिली. जोॲन तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, म्हणून नुसतं तिचं लेखी म्हणणं वाचलं गेलं. मालकांनी माफी मागितली, ट्रिशाला समानतेच्या वर्गात बसवलं आणि भिंतीवर एक पोस्टर लागलं. ते पोस्टर अजून आहे, कॉफीच्या यंत्रामागे.

पुढे वॉशिंग्टनवाल्यांना हुक्की आली. रंग बघून घर नाकारू नये, हा कायदा साठीला टेकलेला, पण त्याचे नियम सरकारागणिक कपडे बदलतात. एक सरकार म्हणालं, मनात काय होतं ते सोडा, घर कुणाला मिळालं नि कुणाला नाही ते बघा. दुसरं म्हणालं, छे, मनातलंच सिद्ध करा. आता मनातलं कसं दाखवायचं, ट्रिशाची कवटी फोडून? मग एकाने निधीच आटवला आणि संस्थेला टाळं लागलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. भेदभाव संपलाच असणार, नाहीतर एवढी शहाणी माणसं तपासणारे कशाला काढून टाकतील?

त्याच वर्षी क्लीटसची डावी बाजू गेली. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. पुतणे रविवारी त्याला खुर्चीसकट उचलून चर्चला नेत. मग एकाची पाठ गेली आणि बाकीच्यांना कामं निघाली. जन्मभर शहराची बस चालवलेला माणूस खिडकीतून बसथांबा बघत बसला. त्याच्यासाठी तळमजल्याचं घर हवं होतं, एवढंच.

वर्लीन पहिल्यांदा खरं घर मागायला निघाली. दारोदार वाक्य तेच, छातीवरचा हात तोच. पण आता नक्कल करून दाखवायला जोॲन नव्हती, वर जाऊन क्लीटसला सांगायचं होतं. ती गाडीतच बसून राहायची. सोळा वर्षं जे हसण्यावारी नेलं, ते आता फार लागत होतं.

शेवटी नाक मुठीत धरून ती मेपल कोर्टला गेली. तिला बघताच ट्रिशाच्या तोंडचं पाणी पळालं. तळमजला? आहे ना! खुर्चीसाठी उतार? आठवड्यात करून देतो! किल्ली देताना तिने हळूच विचारलं, "मिस वर्लीन, तुम्ही अजून... त्या कामात आहात?"

वर्लीन नुसती हसली. वॉशिंग्टनच्या एवढ्या नियमांनी जे झालं नाही, ते एका हसण्याने झालं.

हिवाळा सरला. क्लीटस दारात ऊन खात बसू लागला, शुक्रवारी चर्चच्या फिश फ्रायला, तळल्या माशांच्या जेवणाला, स्वतःची खुर्ची ढकलत जाऊ लागला. करार जूनपर्यंतचा होता, पुढे वाढवणं ट्रिशाच्या हातात.

एप्रिलमधल्या एका सकाळी एक तरुण काळं जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं. वर्लीन ऑफिसात टपाल घ्यायला गेली होती. ट्रिशाचा हात छातीवर गेला. शेजारचं घर महिनाभर रिकामं होतं, हे वर्लीनला भिंतीपलीकडच्या शांततेवरून ठाऊक होतं. जोडपं आभार मानून निघालं. आभार! वर्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने बाहेर गाठून त्यांचा नंबर घेतला.

"तुमच्या ऑफिसात कव्हरं विकतात हे ट्रिशाला कळलंय," क्लीटस म्हणाला. "काल माझंच सांत्वन करून गेली. जून जवळ आलाय वर्लीन, आपल्याला घर मिळालंय ना? गप्प बस."

"गप्पच बसणार आहे," ती म्हणाली आणि तिने जोॲनला फोन लावला.

दुपारी वर्लीन ऑफिसातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत जाऊन बसली. थोड्या वेळाने जोॲन आली. ट्रिशाने तिला ओळखलं नाही. गोऱ्या म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात म्हणे. शेजारचं घर? हो, रिकामंच आहे, आजच बघा, वस्ती अगदी शांत.

"बरं झालं," जोॲन मोठ्याने म्हणाली. "सकाळी गेलं होतं ना ते?"

ट्रिशाने आधी जोॲनकडे बघितलं, मग खुर्चीकडे. "पण तुम्ही लोक तर बंद झालात."

इतक्या वर्षांत वर्लीनने कामाचा नियम पहिल्यांदा मोडला.

"ऑफिस बंद झालं, बाळ," ती म्हणाली. "आम्ही इथेच राहतो."

ट्रिशाने त्या जोडप्याला फोन लावला आणि घर आत्ताच रिकामं झालंय म्हणून सांगितलं. वर्लीन घरी आली तेव्हा क्लीटस दारात बसला होता. तिचा चेहरा त्याने वाचला. आत जाऊन एका हाताने, सावकाश, तो कपाटातली भांडी खोक्यात भरू लागला.