मार्केट यार्डातला दुपारचा योगवर्ग

योग ही पैसेवाल्यांची चैन आहे, असं मी ठणकावून सांगायचे. खराडीतल्या एका कंपनीच्या दारात आम्ही संघटनेची मंडळी कामाच्या वाढत्या तासांविरुद्ध पत्रकं वाटत होतो आणि आत योगदिन चालला होता. माणसाला दिवसभर खुर्चीला जखडायचं, घरी गेल्यावरही फोन करायचे आणि वर्षातून एकदा चटई देऊन सांगायचं, ताण घेऊ नका! या ढोंगाचा मला आजही संताप येतो. पण संताप ढोंगावर काढावा, योगावर नव्हे, हे मला आप्पांच्या कंबरेमुळे कळलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. मार्केट यार्डात, कांदा-बटाटा विभागात हमाल. कांद्याच्या गोण्या वाहून वाहून त्यांची कंबर अशी धरली, की सकाळी भिंतीचा आधार घेऊन उठायची वेळ आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "पाठीचे स्नायू बळकट करा, नाहीतर हे काम सोडा." काम सोडायचं म्हणजे बरोबरच्या हमालांची टोळी सोडायची. आप्पांचा चहा, भांडणं, थट्टा, सगळं टोळीतच. महिनाभर घरी बसले तर झोप उडाली, बोलणं तुटलं, आईवर विनाकारण खेकसायला लागले. दुखत होती कंबर, पण खचत होता माणूस.

हमालांच्या संघटनेत मी पत्रकं लिहिते. ओळखीतल्या एक योगशिक्षिका मोफत शिकवायला तयार झाल्या, तेव्हा मी लगेच पत्रक काढलं: पहाटे साडेपाच, उपाशीपोटी. योग म्हटला की पहाट, हे डोक्यात पक्कं! अहो, पहाटे साडेपाचला यार्डात गाड्या खाली होत असतात. टोळीच्या मुकादमांनी पत्रक वाचून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, त्या टायमाला आम्ही उपाशीपोटीच असतो. फक्त पाठीवर गोणी असते."

वर्ग दुपारी ठेवला. लिलाव आटोपल्यावर, जेवणाआधी, रिकाम्या गाळ्यात गोणपाटं अंथरून. बाई आल्या, पदर खोचला आणि विचारलं, "कंबर कुणाची दुखते? हात वर करा."

"हातबी दुखतोय, पण करतो वर," मागून कुणीतरी म्हणालं.

आप्पा माझ्या आग्रहाखातर आले होते, ते कडेला उभे. "आयुष्यभर व्यायामच केला की आम्ही. आता आणखी काय करायचं हाय?"

"तो व्यायाम नव्हे, ती झीज. व्यायाम केल्यावर माणसाला बरं वाटतं. तुम्हाला वाटतं?"

आप्पा पायाचे अंगठे धरून दाखवायला म्हणून वाकू लागले, तशा बाई कडाडल्या, "थांबा! दिवसभर वाकणाऱ्याला आणखी वाकवायला मी आलेली नाही. पालथे झोपा."

भुजंगासनात आप्पांची छाती जेमतेम चार बोटं वर उठली. बाई शेजारी बसून म्हणत होत्या, "श्वास कोंडू नका. दुखायला लागलं की तिथंच थांबा. इथं पैज लागलेली नाही." शेवटी शवासन. आप्पा घोरायला लागले. टोळी हसली, बाईंनी डोळे वटारले. "हसू नका. त्यांना झोपेचीच गरज आहे."

गोळ्या डॉक्टरांनी कमी करेपर्यंत चालू होत्या आणि चमत्कार काही झाला नाही. झालं ते हळूहळू. आप्पा भिंत न धरता उठू लागले. झोप लागू लागली. खेकसणं थांबलं आणि एक दिवस आईला म्हणाले, "तू पण चल की." मीही शेजारी गोणपाट टाकत होते. घोषणा देऊन आवळलेला माझा जबडा पहिल्यांदा सैल पडला. रागाला धार राहिली, डोकेदुखी गेली. योगानं गोणी हलकी होत नाही. त्यासाठी लढावंच लागतं. पण लढणाऱ्याला पाठ लागते, श्वास लागतो आणि झोपही लागते. हे हक्काचं आहे, चैनीचं नाही. ठासून सांगते.

डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आप्पा टोळीत परतले. पहिल्याच आठवड्यात मी यार्डात असताना एका अडत्यांच्या गाळ्यावर नेहमीपेक्षा जड, ठासून भरलेली गोणी आली. पूर्वीचे आप्पा शिवी हासडून तीच गोणी पाठीवर घेते. आता त्यांनी ती जरा हलवून पाहिली, सरळ उभे राहिले, एक लांब श्वास सोडला.

"शेठ, ही एकट्याची नाही. दुसरा माणूस द्या."

"योगा करून नखरे आले होय रे?"

"नखरे नाहीत, मणके आहेत," आप्पा शांतपणे म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

मागची गाडी खोळंबली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. अडत्यांनी एकदा आप्पांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग पलीकडच्या गाळ्यावरचा माणूस बोलावला. दोघांनी मिळून गोणी उचलली.