डोंगर समोर ठेव

शेजारच्या नव्या सुनेने नाचणीची भाकरी टाकली, जिन्यात खरपूस वास आला, आणि मला निगडीतला माझा पहिला आठवडा आठवला.

मी जावळीच्या डोंगरातली. आमच्याकडे वाट सांगायची ती वरच्या नाहीतर खालच्या अंगाला. इथे सगळं सपाट आणि गल्ल्या एकसारख्या. भाजी घेऊन निघाले तर घरच सापडेना. दारात बसलेल्या एका बाईंना रडवेल्या आवाजात विचारलं, "मावशी, खालच्या अंगाला कुठनं उतरायचं?"

त्या बाई म्हणजे कमलमावशी. त्या हसल्या नाहीत. पिशवी माझ्या हातातून घेतली आणि मला गच्चीवर नेलं. देहूरोडच्या बाजूला डोंगर होता, अगदी आमच्यासारखा काळाकरडा. मी बघतच राहिले.

"बाजारातनं येताना ह्यो समोर ठेव. चुकायची न्हाईस."

तेव्हा वाटलं, मावशींनी घराची वाट दाखवली. खरं तर त्या दिवसापासून हे गाव मला परकं राहिलं नाही.

दुपारी ती सून म्हणाली, "काकू, मी रोज रस्ता चुकते हो." मोठ्या उत्साहाने तिला गच्चीवर नेलं. समोर नुसते टॉवर. डोंगर कुठे दिसेना.

"असू दे," मी म्हटलं. "उद्या भाजी आणायला जा. मी इथे उभी राहते, माझ्याकडे बघत ये."